सीटी२६, एमसी३८ची गाठ एका खेपेला येते, पुढच्या खेपेला येत नाही: दोष कुठे शोधायचा

तक्रार बहुधा अशी येते. बाल्ब/सी जातीच्या उंदरांना सीटी२६ टोचली, किंवा सी५७ब्लॅक/६ जातीच्या उंदरांना एमसी३८; या दोन्ही उंदरांच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या सेल लाइनी, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशी. पहिल्या खेपेला जवळजवळ सगळ्यांत गाठ आली. दुसऱ्या खेपेला तीच सेल लाइन, पेशींचा तोच आकडा, टोचणारी व्यक्तीही तीच, आणि दहापैकी सहाच उंदरांत गाठ. त्यातल्या दोन पंधरवडा उलटायच्या आत विरून गेल्या. उरलेल्या चारांत एक ९०० घन मिमी, तर दुसरी जेमतेम १२०. अशा गटांवर औषधाचा परिणाम मोजण्यात काहीच अर्थ नाही.

यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे पेशींची संख्या दुप्पट करणं किंवा मेट्रिजेल (पेशींना आधार देणारं प्रथिनांचं जेल) मिसळणं. तो करू नका. गाठी येतील, पण मूळ दोष जागेवरच राहील आणि शिवाय नवे दोन त्रास मागे लागतील. एक म्हणजे गाठ इतक्या झपाट्याने वाढते की औषधाचा परिणाम दिसायला लागणारा वेळच हातात राहत नाही. दुसरं, गाठीच्या माथ्यावर लवकर व्रण पडतो आणि जनावर नियमानुसार प्रयोगातून आधीच काढावं लागतं. सीटी२६ आणि एमसी३८ दोन्ही मेट्रिजेलशिवाय व्यवस्थित वाढतात. वाढत नसतील तर पेशी, टोचण्याची पद्धत किंवा उंदराची प्रतिकारशक्ती या तिघांपैकी कुठेतरी गडबड आहे, आणि ती कुठे आहे हे शोधता येतं.

दोन्ही लाइनींचा उगम लक्षात ठेवला तर पुढचं बरंच सोपं जातं. १९७५ साली अमेरिकेतल्या कॉर्बेट आणि सहकाऱ्यांनी रसायनं देऊन उंदरांच्या मोठ्या आतड्यात गाठी निर्माण केल्या आणि त्या एका जनावरातून दुसऱ्यात लावत नेल्या. कोलन २६ ही बाल्ब/सी जातीतली, एन-नायट्रोसो-एन-मिथाइलयुरेथेनने झालेली. कोलन ३८ ही सी५७ब्लॅक/६ मधली, १,२-डायमिथाइलहायड्रॅझीनने झालेली. सीटी२६ आणि एमसी३८ त्यांच्याच वंशातल्या. सीटी२६ मध्ये केरास जनुकात जी१२डी हा बदल आहे आणि सीडीकेएन२ए जनुक गळालेलं आहे, पण एपीसी आणि पी५३ ही जनुकं शाबूत आहेत. एमसी३८ मध्ये केरास शाबूत, पी५३ बिघडलेलं, आणि एकूण बदलांचं प्रमाण फार मोठं. मानवी आतड्याच्या बहुतेक कर्करोगांत एपीसी बिघडलेलं असतं, म्हणजे दोन्ही लाइनी मानवी रोगाची हुबेहूब नक्कल नव्हेत. त्यांचा खरा उपयोग शाबूत प्रतिकारशक्तीच्या उंदरात गाठ वाढवता येते हा आहे. प्रतिकारशक्ती शाबूत असते म्हणूनच त्या बेभरवशाच्याही वाटतात.

आधी जुने आकडे वाचा

नवीन काही टोचण्याआधी फसलेल्या खेपेची नोंदवही उघडा. प्रत्येक उंदीर कितव्या क्रमांकाला टोचला हे लिहिलेलं असेल तर १२व्या दिवसाचा गाठीचा आकार त्या क्रमाविरुद्ध मांडा. पहिल्या सात-आठ उंदरांत गाठी चांगल्या आणि शेवटच्यांत बारीक किंवा नाहीतच, असं दिसलं तर बर्फावर ठेवलेल्या पेशी मरत गेल्या. उलट क्रम दिसला, म्हणजे शेवटच्या उंदरांत गाठी मोठ्या, तर पेशी नळीच्या तळाशी बसत गेल्या आणि शेवटी दाट द्रावण टोचलं गेलं. टोचण्याचा क्रम लिहिलेला नसेल तर पुढच्या खेपेपासून लिहा. हा एक रकाना बाकी अनेक चाचण्यांचा खर्च वाचवतो.

सगळ्यांत गाठ आली पण आकारांत मोठी तफावत, तर सुई वेगवेगळ्या खोलीवर गेली असावी. आठव्या-दहाव्या दिवसापर्यंत सगळ्यांत गाठ होती, ८० ते १०० घन मिमीपर्यंत गेली आणि मग लहान होत गेली, तर प्रतिकारशक्तीने ती मारली. एखाद्या ठरावीक पिंजऱ्यातलेच आकडे बिघडलेले असतील तर त्या पिंजऱ्यात पाहा. बाल्ब/सी नर एकत्र ठेवले की भांडतात, पाठीला-कुशीला जखमा होतात, आणि जखमेशेजारच्या गाठीचं मोजमाप भरवशाचं राहत नाही. या प्रयोगांना माद्या घ्याव्यात त्या एवढ्यासाठीच.

आणखी एक. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हाताला लागणारा फुगवटा गाठ म्हणून नोंदवू नका. तो टोचलेल्या द्रवाचा किंवा सुजेचा असतो. "गाठ आली आणि गेली" या तक्रारींपैकी काही इथेच निकालात निघतात.

दोषाचे दोन भाग करणारी चाचणी

नोंदींतून काही कळलं नाही तर एकच प्रयोग करा. एका दिवशी, एकाच नळीतल्या पेशी, एकाच हाताने, पाच बाल्ब/सी (किंवा सी५७ब्लॅक/६) उंदरांना आणि पाच प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांना टोचा. क्रम आलटून-पालटून ठेवा: एक शाबूत, एक बिनप्रतिकाराचा, पुन्हा शाबूत.

दोन्हींत गाठ नीट आली नाही तर दोष पेशींचा किंवा टोचण्याचा. बिनप्रतिकाराच्या पाचही उंदरांत सारखी गाठ आली आणि शाबूत उंदरांत नाही, तर पेशी आणि हात दोन्ही ठीक आहेत. उंदीर पेशींना परकं समजतो आहे आणि ते का, हे शोधायचं.

बिनप्रतिकाराचे म्हणजे शक्यतो एनएसजी किंवा नॉड-स्किड या जातींचे. न्यूड (केसविरहित) उंदीर सहज मिळतात म्हणून तेच घेतले जातात, पण त्यांच्यात टी पेशी नसल्या तरी एनके पेशी (परक्या पेशी मारणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या) भरपूर असतात, त्यामुळे न्यूडमध्ये गाठ मंद वाढली तर अर्थ लावणं कठीण होतं. भारतात हे जास्तीचे दहा उंदीर सीसीएसईएच्या (प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्रीय समिती) नियमांनुसार संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीकडे दिलेल्या अर्जात आधीच असावे लागतात. त्यामुळे नवा प्रकल्प लिहितानाच पडताळणीसाठी एक छोटा गट मागून ठेवावा. मंजुरी नंतर मागायला गेलं की महिने जातात.

दोन्हींत गाठ नाही: पेशी तपासा

सगळ्यात आधी मायकोप्लाझ्मा, म्हणजे कल्चरमध्ये शिरणारा अतिसूक्ष्म जिवाणू. माध्यम गढूळ होत नाही, पेशी मरत नाहीत, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसत नाही. आत मात्र तो आर्जिनिन खातो, पेशींची वाढ मंदावतो आणि उंदरात गेल्यावर प्रतिकारशक्तीला चिथावतो. तपासणीआधी पेशी किमान तीन दिवस प्रतिजैविकांशिवाय वाढवा, फ्लास्क जवळजवळ भरल्यावर वरचं १ मिली माध्यम घ्या, ९५ अंशांवर ५ मिनिटं ठेवा आणि पीसीआर (डीएनए वाढवून ओळखण्याची चाचणी) करा. एकदा नकारात्मक आलं म्हणून सोडू नका, दोन आठवड्यांनी पुन्हा करा. होक्स्टचा (डीएनएला चिकटणारा) रंग देऊन पाहिलं तर केंद्रकाबाहेर, पेशीद्रव्यावर चमकणारे बारीक ठिपके दिसतात. पीसीआरला जोड म्हणून ही तपासणी चांगली. पेनिसिलिन इथे निरुपयोगी, कारण मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच नसते. पेन-स्ट्रेप (पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन) सतत वापरण्याचा परिणाम इतकाच की बाकी जिवाणू दबून राहतात आणि हूडमधला निष्काळजीपणा कळत नाही.

लागण निघाली तर फ्लास्क फेकून द्या आणि स्वच्छ, जुनी व्हायल (गोठवलेल्या पेशींची कुपी) काढा. औषध देऊन पेशी वाचवता येतात, पण दोन-तीन आठवड्यांच्या उपचारात तगून राहिलेल्या पेशी म्हणजे आधीचीच लाइन, असं गृहीत धरता येत नाही. दुसरी व्हायलच नसेल तरच उपचार करा, आणि नंतर गाठ किती दिवसांत किती वाढते हे पहिल्यापासून मोजा.

दुसरं, टोचण्याच्या दिवशी पेशी कोणत्या अवस्थेत होत्या. या प्रश्नाचं खरं उत्तर बहुतेक वेळा कॅलेंडरात सापडतं. शुक्रवारी फ्लास्क लावला, सोमवारी टोचायचं ठरलं, आणि रविवारीच पेशी काठोकाठ भरल्या. सीटी२६ दर २० ते २२ तासांच्या आसपास दुप्पट होते. भरलेल्या फ्लास्कमध्ये ती एकावर एक चढते, गोल होते, सुटून तरंगायला लागते. माध्यम लालवरून पिवळ्याकडे झुकलेलं असतं. अशा पेशी ट्रिपन ब्लूमध्ये ९५ टक्के जिवंत दिसतात, कारण तो रंग फक्त फाटलेलं आवरण ओळखतो. मरणाच्या वाटेवर असलेली पण आवरण शाबूत असलेली पेशी त्याला जिवंतच वाटते.

म्हणून वेळ उलटी मोजा. टोचण्याच्या तीन दिवस आधी टी-७५ फ्लास्कमध्ये ५ लाख पेशी लावा. तिसऱ्या दिवशी सकाळी फ्लास्क ६० ते ७५ टक्के भरलेला हवा आणि त्यातून साधारण ५० ते ८० लाख पेशी निघायला हव्यात. आदल्या दिवशी माध्यम बदला. सीटी२६ साठी आरपीएमआय-१६४० माध्यम आणि १० टक्के एफबीएस (गायीच्या गर्भाचं सीरम) पुरतं. एमसी३८ साठी डीएमईएम, १० टक्के एफबीएस, २ मिमोलर ग्लुटामिन, ०.१ मिमोलर नॉन-इसेन्शियल अमिनो आम्लं, १ मिमोलर सोडियम पायरुवेट आणि १० मिमोलर हेपेस. व्हायल उघडल्यानंतर किमान दोन पॅसेज (नव्या फ्लास्कमध्ये लावण्याच्या फेऱ्या) होईपर्यंत टोचू नका, आणि दहाच्या पुढे नेऊ नका. पॅसेजचा आकडा फ्लास्कवर नुसता "पी५" असा न लिहिता कोणत्या व्हायलपासून पाचवा, तेही लिहा. लॅबमध्ये आल्यावर पहिल्याच आठवड्यात १५-२० व्हायलींची मूळ बँक आणि त्यातल्या एकीपासून कामाची बँक करावी: प्रति व्हायल १० ते २० लाख पेशी, ९० टक्के सीरम आणि १० टक्के डीएमएसओ, दर मिनिटाला एक अंश या गतीने थंड करून द्रवरूप नायट्रोजनमध्ये.

काढण्याची रीत अशी. कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या पीबीएसने दोनदा धुवा. नाहीतर उरलेलं सीरम ट्रिप्सिनला निष्प्रभ करतं आणि मग तुम्ही ते दहा मिनिटं ठेवता. ०.०५ टक्के ट्रिप्सिन-ईडीटीए २ मिली, ३७ अंशांवर २ ते ३ मिनिटं. फ्लास्क हाताने हळू ठोकल्यावर पेशी सरकल्या की लगेच ८ मिली सीरमयुक्त माध्यम घाला. ३०० जीवर ५ मिनिटं सेंट्रिफ्यूज. त्यानंतर सीरम नसलेल्या माध्यमाने किंवा पीबीएसने दोनदा धुणं, हे गाळू नका, कारण गायीच्या सीरममधली प्रथिनं उंदराला परकी असतात. मग ४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळा. पेशी चिकट धाग्यासारख्या लोंबत असतील तर ते फुटलेल्या पेशींचं डीएनए आहे. तेव्हा फ्लास्कच खराब होता असं समजा. डीएनेज घालून गुठळी सुटेल, पण त्या पेशी टोचण्यालायक नाहीत.

मोजणीत जिवंत पेशी ९५ टक्क्यांच्या वर हव्यात. ९०च्या खाली असतील तर त्या दिवशी टोचणं रद्द करा. ५० लाख प्रति मिली करा, म्हणजे १०० मायक्रोलिटरमध्ये ५ लाख. शेवटचा उंदीर टोचून झाल्यावर नळीत उरलेल्या पेशी पुन्हा मोजा आणि त्यातल्या थोड्या सहा खणांच्या प्लेटमध्ये लावून ठेवा. दुसऱ्या दिवशी किती चिकटल्या ते पाहा. ट्रिपन ब्लूपेक्षा ही प्लेट जास्त खरं सांगते, आणि त्याला पाच मिनिटं लागतात. निम्म्या पेशी चिकटल्याच नाहीत तर उंदरांत काय गेलं हे तुम्हाला दुसऱ्याच दिवशी कळतं, त्यासाठी तीन आठवडे थांबावं लागत नाही.

तिसरं, ओळख. मानवी लाइनींसाठीचं एसटीआर (डीएनएच्या ठशावरून ओळख पटवणारं) किट इथे चालत नाही, उंदरांचे वेगळे मार्कर लागतात. ती सोय जवळ नसेल तरी दोन स्वस्त तपासण्या हाताशी असतात. एक, केरासच्या १२व्या कोडॉनभोवतीचा तुकडा पीसीआरने वाढवून सिक्वेन्स करा. सीटी२६ मध्ये दोन्ही प्रती बदललेल्या असतात, म्हणून जीजीटीच्या जागी स्वच्छ जीएटी वाचता यायला हवं. त्या ठिकाणी जी आणि ए अशी दोन शिखरं दिसली तर पेशींची सरमिसळ झाली असल्याचा संशय घ्या. एमसी३८ मध्ये साधं जीजीटी दिसतं. दोन, फ्लो सायटोमेट्री (पेशींवरची प्रथिनं चमकत्या प्रतिपिंडांनी मोजणं): सीटी२६ वर एच-२केडी हे एमएचसी प्रथिन (पेशीच्या आतले तुकडे टी पेशींना दाखवणारं) दिसायला हवं, एमसी३८ वर एच-२केबी. त्यासाठी अनुक्रमे एसएफ१-१.१ आणि एएफ६-८८.५ हे प्रतिपिंडांचे क्लोन वापरले जातात. संकेत फिका आला तर गॅमा इंटरफेरॉन २० नॅनोग्रॅम प्रति मिली, २४ तास देऊन पुन्हा पाहा. तरीही वर आला नाही तर पेशींनी एमएचसी गमावलं असण्याची शक्यता आहे. अशी उपशाखा गाठ छान देईल, पण इम्युनोथेरपीच्या प्रयोगात तिचा उपयोग नाही. एमसी३८ बाबत हे जास्त पाहावं लागतं; ती वर्षानुवर्षं एका लॅबकडून दुसरीकडे हातोहात गेलेली आहे, आणि एकाच नावाच्या दोन व्हायली सारख्या वागतील याची खात्री नसते.

चौथी गोष्ट अनेकांच्या यादीतच नसते: एलडीव्ही, म्हणजे रक्तातला लॅक्टेट डिहायड्रोजनेज वाढवणारा उंदरांचा विषाणू. उंदरातून उंदरात लावत नेलेल्या गाठींमध्ये तो जुन्या काळापासून आढळतो. लागण झालेला उंदीर आजारी दिसत नाही, पण विषाणू त्याच्या रक्तात आयुष्यभर राहतो, प्लाझ्मातील एलडीएच नेहमीच्या पाच ते दहा पट चढतो आणि प्रतिकारशक्तीची सगळी मोजमापं बिघडतात. एलडीव्ही फक्त उंदराच्या ताज्या मॅक्रोफेजमध्ये वाढतो. त्यामुळे नुसत्या कल्चरमध्ये बरेच पॅसेज झालेली लाइन बहुधा त्यातून सुटलेली असते. धोका असतो तो गाठ कापून, पेशी सुट्या करून, दोन दिवसांत गोठवलेल्या व्हायलींचा. "उंदरातून एकदा काढून घेतली की सीटी२६ चांगली वाढते" असं म्हणून केलेल्या बँका याच प्रकारच्या असतात. बाहेरून आलेली कोणतीही उंदराची लाइन प्राणिगृहात नेण्याआधी एलडीव्ही आणि उंदराच्या हेपॅटायटिस विषाणूसाठी पीसीआर करून घ्या. पूर्ण प्राणिगृह बाधित होण्यापुढे त्याचा खर्च काहीच नाही.

पेशी ठीक असतील तर टोचणं पाहा

पेशी जड असतात, काही मिनिटांत तळाला बसतात. नळी दर उंदरामागे दोन-तीनदा हळू उलटी-सुलटी करा. सिरिंज एकदाच भरून दहा उंदीर टोचू नका, प्रत्येक वेळी नव्याने १०० मायक्रोलिटर घ्या. द्रावण सुईशिवाय ओढावं, मग २६ किंवा २७ गेजची सुई लावावी. पेशी ट्रिप्सिनमधून काढल्यापासून तासाभराच्या आत शेवटचा उंदीर व्हायला हवा. चाळीस उंदीर असतील तर दोन फ्लास्क अर्ध्या तासाच्या अंतराने काढा, सगळ्या पेशी एकदम बर्फावर ठेवून बसू नका.

कुशीवरचे केस एक-दोन दिवस आधी काढा. काळ्या उंदराची कातडी कधी गुलाबी असते, कधी करडी-काळी. काळी म्हणजे केस उगवण्याचा काळ चालू आहे आणि तेव्हा कातडी जाडही असते. एकाच गटात दोन्ही प्रकार आले तर सुईची खोली बदलते, म्हणून ते नोंदवा.

चिमटीत कातडी उचला, सुईचं तिरकं तोंड वर, कातडीला समांतर अर्धा ते एक सेंटिमीटर आत न्या. टोक बाजूला हलवून पाहा. मोकळं हललं तर तुम्ही कातडीखाली आहात. सावकाश सोडा, पाच-दहा सेकंद थांबा, सुई फिरवत काढा. बरोबर गेलं तर मऊ, हलणारा फुगा दिसतो. घट्ट, पांढरा, संत्र्याच्या सालीसारखा फुगवटा आला तर द्रव कातडीतच गेला. त्या उंदरात गाठ लवकर येईल आणि व्रणही लवकर पडेल. फुगा दिसलाच नाही तर पोटाच्या पोकळीत गेलं असण्याची शक्यता आहे. तसा उंदीर नंतर "गाठ आली नाही" म्हणून मोजला जातो आणि तिसऱ्या आठवड्यात पोट फुगून मरतो. टोचतानाच प्रत्येकासमोर "मऊ", "घट्ट", "दिसला नाही", "गळलं" यांपैकी एक शब्द लिहा. वगळायचा उंदीर त्याच दिवशी वगळा, आकडे आल्यावर नव्हे.

कॅलिपरचा हिशेब साधारण लांबी गुणिले रुंदीचा वर्ग भागिले दोन असा असतो. १० बाय ८ मिमीची गाठ ३२० घन मिमी भरते. रुंदी चुकून ९ धरली तर ४०५. एका मिलिमीटरमध्ये आकडा पाव पटीहून जास्त वाढला. त्यामुळे संपूर्ण प्रयोगभर मोजणारी व्यक्ती एकच असावी, आणि कोणता उंदीर कोणत्या गटातला हे तिला ठाऊक नसावं.

फक्त शाबूत उंदरांत गाठ येत नाही

पहिला संशय उंदराच्या जातीवर. आपल्याकडे हा घोटाळा फार साधा असतो: स्विस अल्बिनो आणि बाल्ब/सी दोन्ही पांढरे, लाल डोळ्यांचे, शेजारच्या पिंजऱ्यांत. स्विस अल्बिनो अंतःप्रजनन केलेली जात नव्हे. त्यात सीटी२६ टिकत नाही, किंवा आठवडाभर वाढून विरते. प्रयोगात स्विस उंदीर मुद्दाम वापरलेले असतील तर प्रयोगच मुळात चुकला आहे, पेशींची संख्या वाढवून तो सुधारत नाही. लॅबमध्येच पैदास होत असेल तर काही उंदरांच्या रक्ताच्या थेंबावर एच-२ तपासा: बाल्ब/सी एच-२डी, सी५७ब्लॅक/६ एच-२बी. त्याने संकर पकडता येतो. उपजातींचेही फरक आहेत. सी५७ब्लॅक/६जे मध्ये एनएनटी जनुकाचा तुकडा नाही, ६एन मध्ये तो आहे. पुरवठादार बदलताना "सी५७" एवढंच लिहिलेल्या पावतीवर समाधान मानू नका.

दुसरा संशय लावलेल्या खुणेवर. ल्युसिफरेज किंवा जीएफपी (पेशी चमकवणारी प्रथिनं) घातलेली सीटी२६ बाल्ब/सी मध्ये वाढून मग विरते, याची कारणं चांगली माहीत आहेत. जीएफपीचा एक तुकडा एच-२केडीवर बसतो आणि टी पेशी तो ओळखतात. सी५७ब्लॅक/६ मध्ये जीएफपी तितकी त्रासदायक नसते. बीटा-गॅलॅक्टोसिडेज ही खूण असलेली सीटी२६.सीएल२५ ही तर वेगळी उपशाखाच आहे. व्हायलवर "सीटी२६" असं अर्धवट लिहिलं की ती मूळ सीटी२६.डब्ल्यूटीच्या जागी वापरली जाते. खूण नसलेली मूळ लाइन आणि खुणेची लाइन शेजारीशेजारी पाच-पाच उंदरांत टोचली की उत्तर मिळतं. इम्युनोथेरपीच्या प्रयोगात आकार कॅलिपरनेच मोजावा, चमकण्याचा मोह टाळावा.

उंदराच्या आतड्यातून स्वतः तयार केलेल्या ऑर्गॅनॉइड (अवयवासारख्या छोट्या गोळ्यांत वाढवलेल्या) लाइनींमध्ये लिंगाचाही प्रश्न येतो. नरापासून केलेल्या पेशींवर एच-वाय प्रतिजन असतात आणि सी५७ब्लॅक/६ माद्या ते ओळखून पेशी नाकारतात. अशा लाइनी नरांतच टोचा.

जात बरोबर, खूण नाही, लिंग जुळतं, तरी तफावत राहिली तर प्राणिगृहाकडे वळा. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या कामात असं दिसलं की नेहमीच्या २२ अंशांऐवजी ३० अंशांवर ठेवलेल्या उंदरांत गाठी सावकाश वाढतात आणि त्यांच्या टी पेशी जास्त सक्रिय असतात. म्हणजे मे महिन्यात वातानुकूलन बंद पडलेल्या खोलीतली खेप आणि जानेवारीतली खेप यांची तुलना करू नये. खोलीचं कमाल-किमान तापमान रोज लिहिलेलं असावं. २०१५ साली एकाच जातीच्या पण दोन पुरवठादारांच्या काळ्या उंदरांत मेलानोमाची गाठ वेगळ्या गतीने वाढते आणि तो फरक आतड्यातल्या जिवाणूंमुळे आहे, हेही दाखवलं गेलं. पाण्यातून प्रतिजैविक दिलं तर इम्युनोथेरपीचा परिणाम घटतो, हे एमसी३८ वरही पाहिलं गेलं आहे. एका गटाला जखमेसाठी एन्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक दिलं आणि दुसऱ्याला नाही, तर ते दोन गट तुलनेचे राहत नाहीत. बाहेरून आलेले उंदीर किमान सात दिवस स्थिरावू द्या, आणि एका प्रयोगातले सगळे एकाच खेपेतून, ६ ते ८ आठवड्यांचे घ्या.

ज्या उंदरात गाठ आली नाही किंवा येऊन विरली, त्याला पुढच्या आठवड्यात पुन्हा टोचून गट भरू नका. तो आता त्या पेशींविरुद्ध लसीकरण झालेला उंदीर आहे. त्यात गाठ येणार नाहीच, आणि आली तरी तिचा आकडा बाकीच्यांत मिसळता येणार नाही.

पेशींचा आकडा पुन्हा कसा ठरवायचा

दोष दूर झाल्यावर एकदा मात्रा तपासा: १ लाख, २.५ लाख, ५ लाख आणि १० लाख, प्रत्येकी पाच उंदीर. ज्या सर्वात कमी मात्रेत पाचही उंदरांत गाठ येते आणि आठव्या ते दहाव्या दिवशी ५० ते १०० घन मिमी होते, ती तुमच्या प्राणिगृहाची मात्रा. दुसऱ्या लॅबच्या शोधनिबंधातली मात्रा जशीच्या तशी उचलू नका. औषधाच्या प्रयोगात लागतील त्याहून चौथाई उंदीर जास्त टोचा, गाठी ५० ते १०० घन मिमीच्या असताना टोकाचे वगळा आणि मग उरलेल्यांची चिठ्ठ्या टाकून वाटणी करा. पिंजऱ्याप्रमाणे किंवा टोचण्याच्या क्रमाप्रमाणे गट पाडले तर वर सांगितलेले सगळे दोष औषधाचा परिणाम म्हणून समोर येतात.

पीडी-१ (टी पेशींना आवरणारं प्रथिन) विरोधी आरएमपी१-१४ हे प्रतिपिंड देत असाल तर १० मिग्रॅ प्रति किलो, म्हणजे २० ग्रॅमच्या उंदराला २०० मायक्रोग्रॅम, पोटाच्या पोकळीत टोचून, दर तीन दिवसांनी, ही रूढ पद्धत आहे. सुरुवातीचा आकार १५० घन मिमीच्या पुढे गेला की प्रतिसाद झपाट्याने कमी होतो. म्हणून "औषध एका खेपेला चाललं, दुसऱ्याला नाही" ही तक्रार आली तर औषध बदलण्याआधी दोन्ही खेपांचा पहिल्या डोसच्या दिवशीचा सरासरी आकार पाहा. हे रॅटचं (मोठ्या जातीच्या उंदराचं) प्रतिपिंड आहे. अनेक डोस दिले की उंदीर त्याच्याविरुद्धही प्रतिपिंडं तयार करतो, आणि नंतरच्या डोसला धाप, थरथर किंवा अचानक मृत्यू दिसू शकतो. नियंत्रण गटाला त्यामुळेच नुसतं पीबीएस न देता २ए३ हे जुळतं रॅटचं आयजीजी२ए प्रतिपिंड द्यावं.

सीटी२६ मध्ये वजनही लिहा. कोलन २६च्या वंशातल्या काही शाखा आयएल-६ (दाह वाढवणारं प्रथिन) वाढवून उंदराला खंगवतात. गाठ अजून मध्यम असतानाच वजन उतरतं. नियंत्रण गटातही तेच दिसत असेल तर तो औषधाचा विषारी परिणाम नव्हे. मूळ वजनाच्या २० टक्के घट, २००० घन मिमी आकार किंवा उघडा व्रण यांपैकी जे आधी येईल तिथे उंदीर वेदनारहित पद्धतीने काढायचा, आणि त्या दिवसाची नोंद "मृत्यू" अशी न करता नेमक्या कारणासह करायची.